'नको'ला तारीख नसते

आमच्या नात्यातले एक काका तालुक्याच्या गावी चाळीस वर्षं दवाखाना चालवून आता निवृत्त झाले आहेत. माझ्या मावसबहिणीला ल्युपस आहे, तो तिच्या किडन्यांपर्यंत पोचलेला आहे आणि तरीही तिला मूल हवं आहे, हे त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी चार पानी पत्र लिहिलं. तिला नाही, मला. आमच्या घरात समजूत घालण्याची कामं माझ्याकडे येतात. पत्राचा मथितार्थ असा की तिला सांग, हा विचार सोड, जीव आहे तर सगळं आहे. पत्रात आकस नाही, अडाणीपणा तर नाहीच, आणि डॉक्टर असूनही काकांचं अक्षर सुवाच्य आहे. मी ते तीनदा वाचलं. त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य सुटं घेतलं तर खरं आहे. पण ती सगळी ज्या एका शब्दाकडे नेतात, तो 'नको' हा शब्द तिच्या जिवाला धोक्याचा आहे असं माझं म्हणणं आहे. हे उत्तर त्यासाठी.

आधी आजाराबद्दल थोडं. ल्युपस म्हणजे शरीराच्या संरक्षक यंत्रणेनं आपल्याच अवयवांवर उलटणं. दहा रुग्णांमागे नऊ बायका असतात आणि बहुतेकींना तो पंधरा ते पंचेचाळीस या वयात गाठतो. मोठ्या माणसांतल्या सुमारे ४० टक्के रुग्णांच्या किडनीला त्यामुळे सूज येते. लघवीतून प्रथिनं जायला लागतात, पाय सुजतात, रक्तदाब चढतो. बायोप्सी करून या सुजेचे सहा वर्ग पाडतात. माझ्या बहिणीची चौथ्या वर्गातली, त्यातली दांडगी. म्हणजे मुलाचा विषय इथे कुणी हौसेनं उकरून काढत नाही. आजारच मुळी स्थळं बघण्याच्या आणि डोहाळजेवणाच्या वयात घरात शिरतो.

काकांच्या पत्रात एक मुलगी आहे. १९८० च्या दशकात त्यांच्याकडे आलेली, आठव्या महिन्यातली, अंगभर सूज आणि झटके येत असलेली. जिल्ह्याच्या ठिकाणी नेईपर्यंत ती गेली. बाळही गेलं. तिला ल्युपस होता हे नंतर कळलं. चाळीस वर्षांनी तिच्याबद्दल लिहिताना काकांच्या त्या सुवाच्य अक्षराचीही ओळ वाकडी गेली आहे. त्या मुलीपुढे मला काही बोलायचं नाही. पण काका ज्या काळात शिकले त्या काळाचं काय झालं, ते बोलायला हवं. १९६० ते १९६५ या वर्षांत ल्युपस असलेल्या बायकांची ४३ टक्के गर्भारपणं वाया जात. २००० ते २००३ मध्ये तो आकडा १७ टक्क्यांवर आला होता. आजार तोच होता. बदललेल्या गोष्टींपैकी एक ही, की गर्भारपण कधी सुरू करायचं आणि त्याच्या आधी काय काय करून ठेवायचं हे डॉक्टरांना उमजत गेलं.

आता काका म्हणतात, सतरा टक्के म्हणजे थोडे का? नाहीत. मी आकडे लपवणार नाही, उलट काकांच्या बाजूचे आणखी देते. २०१० साली ३७ अभ्यासांमधली २,७५१ गर्भारपणं एकत्र मोजली गेली. चौघींपैकी एकीचा ल्युपस गर्भारपणात उसळला होता. जन्मलेल्या बाळांपैकी ३९ टक्के दिवस भरण्याआधी जन्मली. १६ टक्के गर्भपात झाले. आणि त्याच हिशेबात असंही दिसलं की किडनीची सूज चालू असताना दिवस गेले, तर रक्तदाब वाढणं आणि बाळ लवकर येणं या दोन्ही गोष्टी जास्त घडतात.

याच्या शेजारी दुसरा अभ्यास ठेवते. अमेरिका आणि कॅनडातल्या ३८५ गर्भवती, सगळ्यांना ल्युपस. २०१५ साली निष्कर्ष छापून आले: ८१ टक्के गर्भारपणं बाळाच्या बाबतीत कोणतीही मोठी गुंतागुंत न होता पार पडली. ल्युपस जोरात उसळण्याचं प्रमाण दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीत प्रत्येकी तीन टक्क्यांच्या आसपास. लगेच टाळ्या वाजवू नयेत, कारण या अभ्यासात प्रवेश सरसकट नव्हता. लघवीतून दिवसाला साधारण एक ग्रॅमहून जास्त प्रथिनं जात असतील, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.२ च्या वर असेल किंवा स्टेरॉइडचा डोस वीस मिलिग्रॅमच्या पुढे असेल, तर त्या बाईला घेतलंच नाही. काका हे वाचून म्हणतील, बघ, निवडक बायका घेतल्या आणि चांगला निकाल लावला. बरोबर. मी तेच सांगते आहे. आजार शांत असलेल्या बायका निवडल्या की निकाल चांगला लागतो. आणि शांत असलेली बाई म्हणजे काही वेगळ्या जातीची बाई नव्हे. काल जिची किडनी सुजलेली होती तीच बाई, उपचारांनंतर, वर्षा-दोन वर्षांनी.

त्यामुळेच आज जगभरातले तज्ज्ञ एका किमान मुदतीवर येऊन थांबले आहेत: आजार सलग सहा महिने शांत हवा. शांत म्हणजे रुग्णाला बरं वाटतंय असं नव्हे. लघवीतली प्रथिनं दिवसाला अर्ध्या ग्रॅमच्या आसपास किंवा कमी, क्रिएटिनिन हललेलं नाही, रक्तदाब ताब्यात, आणि हे सगळं गर्भारपणात चालतील अशा गोळ्यांवर. या अटीमागचं कारण अगदी घरगुती भाषेत सांगता येतं. गर्भारपणात निरोगी किडनीसुद्धा दीडपट काम करते, म्हणून तर गर्भवतीचं क्रिएटिनिन एरवीपेक्षा खाली जातं. सुजलेल्या किडनीवर तो जादा भार टाकला तर ती वाकते. सूज उतरलेली किडनी बहुतेकदा तो पेलते.

गोळ्यांची अदलाबदल हे या सहा महिन्यांतलं खरं काम. किडनीची सूज आटोक्यात ठेवायला बहुतेकींना मायकोफिनोलेट देतात. ते गर्भाला बाधतं, कान आणि टाळू यांत व्यंग येऊ शकतं, म्हणून दिवस राहण्याच्या किमान सहा आठवडे आधी ते थांबवावं लागतं. प्रत्यक्षात चांगले डॉक्टर बरंच आधी थांबवतात, त्याजागी अझाथायोप्रिन सुरू करतात, आणि नव्या गोळीवरही आजार गप्प बसतो का हे काही महिने पाहतात. प्रथिनं गळू नयेत म्हणून दिलेल्या रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या बाळाच्या किडनीला घातक. त्या फार तर पाळी चुकून तपासणी होईपर्यंत, पुढे नाहीत. रक्तदाबाला मग लॅबेटालॉल किंवा निफेडिपिन. प्रेडनिसोलोन कमी डोसात चालतं, कारण वार त्याचा बराचसा भाग निष्क्रिय करून टाकते आणि बाळापर्यंत थोडंच पोचतं. बाराव्या आठवड्याच्या सुमारास कमी डोसाची अ‍ॅस्पिरिन सुरू करतात. आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, जिला सगळे रुग्ण एचसीक्यू म्हणतात, ती चालूच ठेवायची.

या शेवटच्या गोळीपाशी मला काकांना क्षणभर सोडून घरातल्या दुसऱ्या पक्षाकडे वळायला हवं. या पक्षाचं म्हणणं काकांच्या बरोबर उलट: मूल होऊ दे, पण पोटात बाळ असताना एवढ्या गोळ्या कशाला? दिवस गेले की सगळं बंद करून टाक. आमच्याकडे हे आत्या म्हणाली. ती हे सगळ्यांना म्हणते, तापाच्या गोळीबद्दलसुद्धा. पण एचसीक्यू बंद केली की गर्भारपणात ल्युपस उसळण्याची शक्यता वाढते, आणि आजारी आईच्या पोटात बाळ सुखात राहत नाही. हीच ती गोळी जी मार्च २०२० मध्ये कोरोनावर चालते म्हणून लोकांनी दुकानांतून उचलून नेली, आणि जगातल्या मोठ्या उत्पादकांपैकी एक असलेल्या आपल्या देशात ल्युपसच्या बायका महिन्याची पाकिटं शोधत फिरल्या. ज्यांना गरज नव्हती त्यांनी ती बिनदिक्कत गिळली. जिला गरज आहे तिला मात्र घरातली माणसं विचारतात, ही गोळी बाळाला चालते ना नक्की?

वरवर पाहता काका आणि आत्या एकमेकांच्या विरुद्ध आहेत. माझ्या बहिणीच्या बाबतीत या दोन्ही मतांनी मिळून एकच गोष्ट घडवली, आणि ती मला सांगायलाच हवी.

चोविसाव्या वर्षी तिचं निदान झालं. सायक्लोफॉस्फामाइडचे सहा डोस, दर पंधरा दिवसांनी एक, कमी मात्रेचे. या पद्धतीत अंडाशयांना फारसा धक्का बसत नाही. मग मायकोफिनोलेट. लग्न ठरलं तेव्हा तिनं मुलाकडच्यांना सगळं सांगितलं, फाइलसुद्धा दाखवली. लग्नानंतर ती नवऱ्याला घेऊन डॉक्टरांकडे गेली आणि मुलाबद्दल विचारलं. डॉक्टरांनी कागदावरून मान वर न करता सांगितलं, 'तो विषय डोक्यातून काढून टाका.' एवढंच. का, किती दिवस, पुढे कधी, तोवर काय वापरायचं, यातलं काहीच नाही.

पुढच्याच वर्षी तिची पाळी चुकली. सातव्या आठवड्यात कळलं. ज्या डॉक्टरांनी विषय डोक्यातून काढायला सांगितला होता, त्यांच्यापुढे ती कोणत्या तोंडानं जाणार? ती गेलीच नाही. नेहमीच्या तपासणीची तारीखही तिनं चुकवली. गोळ्या बाळाला बाधतील म्हणून सगळ्याच बंद केल्या, एचसीक्यूसुद्धा. बाविसाव्या आठवड्यात पाय सुजले, रक्तदाब चढला, लघवीत भरपूर प्रथिनं निघाली. इस्पितळात पहिला प्रश्न आला, 'गर्भारपणाआधी क्रिएटिनिन किती होतं? प्रथिनं किती जात होती?' फाइल दुसऱ्या शहरात आणि गेल्या पाच महिन्यांची पानं कोरी.

हा प्रश्न का महत्त्वाचा ते काकांना मी समजावण्याची गरज नाही, पण वाचणाऱ्यांसाठी सांगते. गर्भारपणाच्या उत्तरार्धात रक्तदाब आणि प्रथिनं वाढली, तर ते दोन गोष्टींमुळे असू शकतं. एक प्रीएक्लॅम्प्सिया, जो कोणत्याही गर्भवतीला होऊ शकतो. दुसरी, ल्युपसनं किडनीवर नव्यानं केलेला हल्ला. बाहेरून दोन्ही अगदी सारखे दिसतात. उपाय मात्र उलटे: पहिल्यावर खरा इलाज म्हणजे बाळंतपण करून टाकणं, दुसऱ्यावर आजाराला दाबणारी औषधं वाढवून गर्भारपण पुढे नेणं. बाविसाव्या आठवड्यात ही निवड म्हणजे बाळाचं जगणं किंवा मरणं. फरक ओळखायच्या खुणा आहेत. ल्युपस असेल तर सी-३, सी-४ ही रक्तातली द्रव्यं उतरतात आणि डीएनएविरोधी प्रतिपिंडं चढतात. सूक्ष्मदर्शकाखाली लघवीत तांबड्या पेशी आणि त्यांचे साचे दिसतात. विसाव्या आठवड्याआधीचा त्रास असेल तर प्रीएक्लॅम्प्सिया जवळपास नसतोच. पण गंमत अशी की निरोगी गर्भारपणात सी-३ आपोआप वर जातं, त्यामुळे अहवालात 'नॉर्मल' छापलेला आकडा खरं तर खाली घसरलेला असू शकतो. आधीचा आकडा माहीत असल्याशिवाय आताचा आकडा बोलत नाही.

माझ्या बहिणीचा आकडा बोलला नाही. दोन दिवस तर्क करण्यात गेले. बाळ गेलं. किडनीची पुन्हा बायोप्सी झाली, पुन्हा चौथा वर्ग.

काका, तुमच्या पत्रात एक वाक्य आहे: 'मी नको म्हणतो त्यात तिचंच भलं आहे.' या बाईला नको म्हटलं गेलं होतं. ते तिनं ऐकलं, मानलंही. दिवस राहिले ते ठरवून नव्हते. त्या 'नको'नं तिचं गर्भारपण टाळलं नाही. फक्त ते सगळ्यांत वाईट वेळी, सगळ्यांत वाईट गोळ्यांवर आणि डॉक्टरांपासून लपून झालं. 'आत्ता नको, एवढे महिने थांब, तोवर हे कर' असं सांगितलं असतं तर पाळी चुकल्याच्या दुसऱ्या दिवशी ती धावत गेली असती.

आणि नको म्हणणाऱ्यांना माझा एक साधा सवाल आहे. चिठ्ठीवर गर्भनिरोधकाचं नाव लिहिलंत का? 'मूल नको' हा सल्ला आहे, पण तो अंमलात कसा आणायचा हे तिनं कुणाला विचारायचं? आशाताई तिला माला-एनचं पाकीट देईल. सरकारी, फुकट, सहज मिळणारं. त्यात इस्ट्रोजेन असतं. किडनीची सूज चालू असलेल्या किंवा रक्तात गुठळ्या करणारी अँटीफॉस्फोलिपिड प्रतिपिंडं असलेल्या बाईला ते देऊ नये. तांबी चालते, नुसत्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या चालतात, दंडात बसवायची सळई चालते. हे सांगायला दोन मिनिटं लागतात. ज्या बाईला मायकोफिनोलेटसारखं औषध दिलं जातं, तिच्या बाबतीत ती दोन मिनिटं औषधाच्या डोसाइतकीच आवश्यक आहेत. ती न देता 'विषय काढून टाका' म्हणणं हा सावधपणा नव्हे, ही टाळाटाळ आहे.

काकांचा सर्वांत भक्कम मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला होता. ते लिहितात, 'हे सगळं पुण्या-मुंबईत ठीक. माझ्या तालुक्यात ल्युपसचा तज्ज्ञ सोड, रात्री सोनोग्राफी करणारा माणूस मिळत नाही.' खरं आहे, आणि मला त्याचा राग येतो तो काकांवर नाही. सांध्यांचे आणि ल्युपसचे तज्ज्ञ आपल्याकडे मोजके, तेही मोठ्या शहरांत. सी-३ची तपासणी तालुक्यातून बाहेर पाठवावी लागते. पण मग यादी करू या, काका. रक्तदाबाचा पट्टा तुमच्या दवाखान्यात होता. लघवी तपासायची पट्टी प्राथमिक आरोग्य केंद्रात असते. दर महिन्याच्या नऊ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गर्भवतींची तपासणी २०१६ पासून होते. अझाथायोप्रिन, प्रेडनिसोलोन, एचसीक्यू, अ‍ॅस्पिरिन यातली एकही गोळी परदेशातून आणावी लागत नाही. तज्ज्ञाची गरज मुख्यतः दिवस जाण्याआधी असते: अँटीफॉस्फोलिपिड आहे का, म्हणजे हेपारिनची इंजेक्शनं लागतील का, अँटी-रो हे प्रतिपिंड आहे का, म्हणजे बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवावं लागेल का (असलं तरी शंभरांत एखाद-दोन बाळांनाच त्रास होतो). त्यासाठी शहरात दोन-तीन फेऱ्या होतात. ठरवून केलेल्या गर्भारपणात तेवढी सवड मिळते, अचानक राहिलेल्या दिवसांत ती मिळत नाही. म्हणजे ज्या तालुक्यात सोयी कमी, तिथे 'कधी' हे ठरवण्याची गरज जास्त. तुमचा मुद्दा माझ्या बाजूनं साक्ष देतो.

राहिलेल्या गोष्टी भराभर. आजार बाळाला जाईल? एकसारख्या जुळ्या बहिणींपैकी एकीला ल्युपस असला तरी बहुतेक वेळा दुसरीला होत नाही. आईकडून मुलाला तो होण्याची शक्यता त्याहून कितीतरी कमी. दत्तक घ्या? जरूर घ्यावं, ज्यांना हवं त्यांनी. पण हे सुचवणाऱ्यानं दत्तकाचे नियम वाचावेत. त्यात पालकाला जीवघेणा आजार नसावा अशी अट आहे, आणि ल्युपसची फाइल त्या समितीपुढे ठेवल्यावर काय प्रश्न येतील याचा विचार करावा. शिवाय ज्याच्या घरी दोन मुलं आहेत तो हा सल्ला किती सहज देतो, हे मला नेहमी खटकतं. स्वार्थ आहे म्हणता? पहिल्या मुलाच्या पाठीवर दुसरं हवं म्हणणाऱ्या धडधाकट बाईला हा शब्द मी कधी ऐकलेला नाही.

एक ठिकाण मात्र असं आहे जिथे मी काकांच्या शेजारी उभी राहते. फुप्फुसांतला रक्तदाब फार वाढलेला असेल, हृदय थकलेलं असेल, क्रिएटिनिन पावणेतीनच्या पुढे गेलेलं असेल, किंवा आधीच्या खेपेला सगळे उपचार करूनही जीवघेणा प्रीएक्लॅम्प्सिया झाला असेल, तर उत्तर 'नको' असंच आहे आणि ते स्पष्ट द्यायला हवं. नुकता पक्षाघात होऊन गेला असेल तर निदान सहा महिने तरी नको. हेही सगळं कारणासकट, आकड्यासकट, समोर बसून. आणि दिवस राहिलेच तर गर्भपाताचा निर्णय कायद्यानं त्या प्रौढ बाईच्या संमतीनं होतो. नवऱ्याची किंवा सासूची सही लागत नाही. तेवढा अधिकार कायदा तिला देतो. मग मूल हवं म्हणताना घरातले आम्ही सगळे तिला 'परवानगी' देणारे कोण?

गेल्या जुलैत ती दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली. नवरा सोबत होता, मीही होते. डॉक्टरबाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं, आधी तांबीबद्दल विचारलं, मग कागदाच्या मध्यावर एक उभी रेघ ओढली. डावीकडे आजचे आकडे, उजवीकडे कोणते यायला हवेत ते. सूज पूर्ण उतरल्यावर मायकोफिनोलेट बदलायचं, नव्या गोळीवर सहा महिने पाहायचं, तेवढ्या काळात रक्तपेशी मोजत राहायच्या, आणि मग पुन्हा बसून बोलायचं. 'तेव्हाही तुम्ही नको म्हणालात तरी चालेल,' त्या म्हणाल्या. माझी बहीण त्यावर हसली. पहिल्या बाळानंतर तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

अजून प्रथिनं पाऊण ग्रॅमवर आहेत. उजवीकडच्या रकान्यात अर्धा लिहिलं आहे. काका, तुमचं पत्र मी तिला दाखवलेलं नाही; तो कागद मात्र तुम्हाला दाखवायला तिनं सांगितलं आहे, कारण तुमच्याकडे जुन्या सवयीनं लघवीची पट्टी अजून असते आणि पंधरा दिवसांनी दिवाळीला ती चार दिवस तुमच्याच गावी येणार आहे.